गाडी वळण्यापुरती जागा

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या शिवारात सकाळी एक आंबट वास सुटतो. थंडी पुरती गेलेली नसते, ऊन पुरतं आलेलं नसतं, आणि झाडाच्या बारीक लवेवर आंब, म्हणजे आंबट-खारट ओल, धरते. त्यातून चाललं की पोटऱ्या चुरचुरतात, धोतराचा काठ चिकट होतो. मला डोळे बांधून वावरात आणून सोडलं तरी मी त्या वासावरून सांगीन, माघ लागला आणि पोरींच्या परीक्षा जवळ आल्या.

आमच्याकडे हरभरा आणि परीक्षा एकाच हंगामात येतात. इकडे घाटे भरत जातात, तिकडे पोरींची तोंडं सुकत जातात. सकाळी गावातून चक्कर मारली तर कोण्या ओसरीवर इतिहास चाललेला असतो, कोण्या ओसरीवर इंग्रजी. मधूनच कुकरची शिट्टी, मधूनच आईची हाक, की ते पुस्तक ठेव आन् आधी म्हशीले पाणी दाखव. मग फाट्यावरून पहिल्या गाडीचा हॉर्न येतो आणि पोरी भाकरीचा तुकडा हातात घेऊन पळत सुटतात.

माझी बायको वच्छला या दिवसांत सांज झाली की माझ्या जुन्या धोतराचं पान घेऊन वावरात जायची आणि हरभऱ्यावर अंथरून यायची. रात्रभर ते दवानं आणि आंबेनं भिजायचं. पहाटे जाऊन ती ते बाटलीत पिळायची. पोट दुखलं, अपचन झालं, की वाटीभर पाण्यात थोडी आंब. आमची मंदा शाळेत होती तेव्हा परीक्षा आली की तिचं पोट हमखास दुखायचं. वच्छला वाटी पुढं करायची, मंदा डोळे मिटून प्यायची, सगळं तोंड वाकडं करायची, आणि मग दोघी हसायच्या.

यंदा धोतराचं ते पान खुंटीला तसंच आहे. वच्छला पोळ्याच्या आधी गेली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. फिरवून लिहायचं मला येत नाही, म्हणून सरळ लिहितो. मला लाज वाटते. दुःख आहेच, पण दुःखाला भेटायला लोक येतात. येऊन बसतात, चहा घेतात, म्हणतात, बाई माणूस गेलं की घर खायला उठते. लाजेला भेटायला कोणी येत नाही. ती माणसाला एकट्यालाच सांभाळावी लागते, आणि ती म्हाताऱ्या बैलासारखी असते. कामाची नाही, पण दावणीवरून हलत नाही.

पोरींची मोठी शाळा शिरपुरात. आमचं गाव शिरपूरच्या रस्त्यापासून आत आहे. फाट्यावर उतरायचं, पळसाच्या झाडांतून चालायचं, नाल्याचा रपटा ओलांडायचा, की गाव. रस्ता मारुतीच्या पारापाशी येऊन संपतो. पुढं गल्ली, तीही बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. एसटी गावात आणायची तर तिला परत फिरायला जागा पाहिजे. अशी जागा गावात एकच आहे. पाराला लागून जे वावर आहे त्याचा कोपरा. ते वावर माझं.

मुरमाचा रस्ता नवा नवा झाला तेव्हा डेपोतला एक माणूस येऊन पाहून गेला होता. पारावर सगळ्यांसमोर बोलला, "गाडी वळवाले जागा द्या, गाडी गावात येते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हरभरा निघू द्या, मंग पाहू."

हरभरा निघाला. मग नांगरट आली. नांगरट झाली तर पेरणी तोंडावर. मग सोयाबीन उभं. सोयाबीन निघालं की पुन्हा हरभरा. शेतकऱ्याला कोणाला नाही म्हणायची गरजच पडत नाही. त्याच्या वावरात कायम काहीतरी उभं असतं.

पण खरं कारण पीक नव्हतं. खरं कारण वहिवाट. माझ्या बापाचा आणि त्याच्या चुलतभावाचा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद होता. चुलतभावाची बैलगाडी आमच्या धुऱ्यावरून जायची, बापानं भोळेपणी जाऊ दिली, आणि पुढं वाशिमच्या कोर्टात तोच रस्ता ठरला. बापाचं अर्धं आयुष्य तारखांत गेलं. मरताना त्यानं मला एकच शिकवण दिली. "कोणाचं चाक वावरात फिरू देऊ नको. एकदा फिरलं का वहिवाट पडते." शाळेत जे शिकलो ते सगळं विसरलो. हे तेवढं पाठ राहिलं. मी त्या कोपऱ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि अगदी काट्यांना टेकेपर्यंत पेरत गेलो. तिथलं पीक काही जगावेगळं येत नव्हतं. पाराखालच्या बकऱ्या तोंड घालायच्या, रात्री रोही, म्हणजे नीलगाई, शिरायचे. तरी पेरायचो.

मंदा तेव्हा नववीत होती.

तिची चाल मला अजून दिसते. दप्तर पाठीवर, वेण्या वर बांधलेल्या, रस्त्यानं जाताना पळसाची पानं तोडायची सवय. संध्याकाळी परत यायची तेव्हा तळपाय मुरमानं लाल झालेले. एक दिवस ती आली तेव्हा पळत आली. फाट्यापासून दोन पोरं मोटारसायकलवर तिच्या मागं मागं हळूहळू येत होती. काही बोलली नाहीत, काही केलं नाही. नुसती मागं मागं. ती हे आईला सांगत होती आणि मी ओसरीवरून ऐकत होतो. माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं असावं? पोरांना शोधावं, चार शब्द सुनवावेत, की फाट्यावर जाऊन उभं राहावं? माझ्या डोक्यात आलं ते असं, "रस्ता चांगला नाही. उद्यापासून शाळा बंद."

मंदा आत गेली. वच्छलेनं चूल फुंकता फुंकता एवढंच म्हटलं, "रस्ता चांगला नाही तं रस्त्याले दुरुस्त करतात. पोरीले नाही."

मी उत्तर दिलं नाही. घरात बाईच्या बोलण्याला उत्तर न देणं हेच उत्तर असतं, असं मी समजत होतो.

परीक्षा पुढच्या महिन्यात होती. मंदा त्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत हरभरा सोंगत होती. आंबेनं तिची बोटं फाटली. संध्याकाळी ती बोटांना तेल लावत बसायची आणि फाट्यावरून शेवटच्या गाडीचा हॉर्न आला की मान वर करायची. मी ते पाहायचो. पाहून बिडी पेटवायचो.

त्याच वर्षी गावातली अजून एक पोरगी त्याच रस्त्यानं त्याच शाळेत जात होती. किसनची सुजाता. किसन बौद्धवाड्यातला, माझ्या वावरात रोजानं यायचा. मंदा आणि सुजाता एकाच वर्गात. मोटारसायकलवाली पोरं सुजाताच्याही मागं लागली होती. किसननं काय केलं, तर रोज सकाळी पोरीला फाट्यापर्यंत सोडायला जायला लागला. तिला गाडीत बसवायचा आणि मग कामावर यायचा. साहजिक उशीर व्हायचा.

मी इतर गड्यांसमोर त्याला टोचायचो. "काय किसन, पोरगी कलेक्टर होऊन राह्यली वाट्टे?"

तो इळा धारेला लावत म्हणायचा, "नाही झाली तं नाही, भाऊ. शाळा तं होईल."

एक दिवस तो काम संपल्यावर थांबला. म्हणाला, "भाऊ, मी जातोच रोज. मंदीलेही संगं नेत जाईन. दोघी जनी राह्यल्या का बरं असते."

या वाक्यासाठी मी त्याचे पाय धरायला पाहिजे होते. मी म्हटलं, "राहू दे. आमच्या पोरीचं आमी पाहू." किसन माझ्या वावरातला गडी, तोही त्या वाड्यातला, आणि त्याच्या मागं माझी पोरगी चालत जाणार, हे माझ्यातल्या माणसाला खपलं नाही. लोक काय म्हणतील असं मी स्वतःला सांगितलं. लोक काही म्हणत नव्हते. म्हणणारा मीच होतो.

मंदाचं लग्न करून दिलं. मानोऱ्याकडे. जवाई कष्टाळू माणूस, व्यसन नाही, घरी शेती. मी गावभर सांगितलं, पोरगी सुखात पडली. आणि खोटं नव्हतं ते. फक्त सुख म्हणजे काय, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

माझ्या आठवणीत आता कोणता हंगाम येऊन बसला असेल तर तो मागच्या वर्षीचा. वच्छलेचा शेवटचा हरभरा. मंदाची पोरगी पल्लवी आमच्याकडे शिकायला होती. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. वच्छलेनं जवायाशी स्वतः बोलून तिला आणली होती. मला विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं, "पल्लवी येऊन राह्यली. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढा, तिले पुस्तकं ठेवाले."

आता शाळेच्या पोरींसाठी एसटीची निळी गाडी येते. पोरींना तिकीट नाही. पण गाडी फाट्यावरच थांबते, कारण वळायला जागा नाही. पल्लवी नववीत. माय जिथं थांबली तिथंच पोरगी आली होती, त्याच रस्त्यानं, त्याच पळसांतून. वच्छलेला तेव्हा दम लागायचा. तरी ती रोज सकाळी पल्लवीसोबत फाट्यापर्यंत जायची आणि गाडीची वेळ झाली की संध्याकाळी पुन्हा जाऊन बसायची. फाट्यावर एक दगड आहे, त्यावर. गावातल्या बाकीच्या पोरीही मग तिच्यासोबतच जायला लागल्या. रस्त्यानं जाताना ती मधे, पोरी भोवती. लांबून पाहिलं तर कोंबडी पिलं घेऊन चालल्यासारखी दिसायची.

मी तेव्हा मचाणावर बसून हरभरा राखत होतो. मचाणावरून सगळा रस्ता दिसतो. पळस फुलले होते, पानं गळून गेलेली, नुसता लाल रंग. त्या लाल रंगाखालून ती यायची. नाल्याच्या चढाला थांबायची. कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची. पुन्हा चालायची. मी गोफण हातात घेऊन पाखरं उडवत होतो.

एक दिवस ती सरळ मचाणाखाली आली. पदरानं तोंड पुसलं. "अवो, खाली या."

"काय झालं?"

"त्या कोपऱ्यात काल पुन्हा रोही शिरले. सारं तुडवून ठेवलं."

"पाह्यलं म्या. काटे वाढवतो."

"रोह्यानं तुडवलं तं चालते तुमाले. पोरींच्या गाडीनं तुडवलं तं नाही चालत."

मी म्हटलं, "रोही कोर्टात जात नाही."

ती हसली. म्हणजे तोंडानं हसली. "पोरी कोनत्या कोर्टात जाऊन राह्यल्या हो? शाळेत जाऊन राह्यल्या." मग म्हणाली, "मंदीचं झालं ते झालं. मी कधी बोलली का तुमाले? पन माह्या डोयादेखत पल्लवीचं तसं नका करू."

"हरभरा निघू दे व," मी म्हटलं. "मंग पाहू."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खाली वाकून घाट्यांचा एक डहाळा उपटला, एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला आणि चालता चालता म्हणाली, "तुमचा हरभरा काई निघत नाही."

हरभरा निघाला. पल्लवी नववी पास झाली. मग नांगरट आली, मग पेरणी. पावसाळ्यात वच्छलेच्या पायांवर सूज चढली. वाशिमला दवाखान्यात ठेवलं. हृदयाचं काहीतरी होतं, जुनं होतं. त्या चालण्यानं ती गेली असं डॉक्टरनं म्हटलं नाही. मीही म्हणत नाही. पण नाल्याच्या चढाला कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती मला दिसते, आणि मचाणावर बसलेला मीही मलाच दिसतो.

दवाखान्यातून मी मंदाला फोन लावला. म्हटलं, "माय सिरीयस हाये. येतं काय?"

मग मंदा म्हणाली, "विचारून सांगते, बाबा."

एवढंच. मी फोन कानाला धरून तसाच उभा. माझ्या पोरीचं वय चाळिशीच्या पुढं. तिची माय खाटेवर. आणि तिला विचारून सांगावं लागतं. जवाई काही वाईट माणूस नाही, तो नाही म्हणालाही नसता, म्हणालाही नाही. पण तो त्या वेळी बाजारात होता, तो घरी यायची वाट पाहिली, मग शेवटची गाडी निघून गेली, आणि मंदा दुसऱ्या दिवशी आली. फोन लावला त्या दिवशी वच्छला शुद्धीवर होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. दोनदा तिनं विचारलं, "मंदी आली काय?" मी म्हटलं, "येऊन राह्यली." तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

फोन लावला त्याच दिवशी संध्याकाळी खाकी कपड्यांतली एक बाई वॉर्डात आली. खांद्याला तिकिटांचं मशीन, हातात डबा. किसनची सुजाता. ती एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटी संपली तशी आली होती. कोणाला विचारून नाही. वच्छलेच्या उशाशी बसली, तिला चमच्यानं पेज पाजली, नर्सला काय ते विचारलं, गोळ्या कोणत्या कधी हे मला समजावून सांगितलं. जाताना म्हणाली, "काका, उद्या सुट्टी घेतली म्या. सकाळी येते. तुमी जरा पडा."

शिक्षणानं काय होते, असं मला पूर्वी कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नोकरी लागते, नाही तर काहीच होत नाही. आता विचारलं तर सांगीन. एकीला यायचं होतं आणि ती आली. एकीला यायचं होतं आणि तिनं म्हटलं, विचारून सांगते. त्या दोघी एकाच बाकावर बसत होत्या. मधे फक्त माझ्या वावराचा कोपरा होता.

आता हे वर्ष. पल्लवी दहावीत. वच्छला गेल्यावर फाट्यापर्यंत पोरींसोबत जाणारं कोणी राहिलं नाही. दोन पोरींच्या घरच्यांनी त्यांना संक्रांतीच्या आतच घरी बसवून टाकलं. संक्रांतीनंतर जवाई आले. चहा झाला, पिकाचं बोलणं झालं. मग खाली पाहत म्हणाले, "मामाजी, पल्लवीले घेऊन जातो म्हनतो."

"परीक्षा तोंडावर हाये, जवाईबापू."

"हाये ना. पन आता मामी नाहीत. पोरगी मोठी झाली. रस्ता चांगला नाही."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. पल्लवी दाराआड होती.

माझेच शब्द. त्याच ओसरीवर. आवाज तेवढा दुसऱ्याचा. मला वाटलं जवायाला म्हणावं, असं करू नका, मी करून पाहिलं, त्याचं काय झालं ते तुमच्या घरातच आहे. पण कोणत्या तोंडानं म्हणू? शेवटी एवढं म्हटलं, "चार दिवस द्या मले."

"चार दिवसात काय होनार हाये?"

"पाहू," मी म्हटलं. हरभरा निघू द्या, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इळा घेऊन कोपऱ्यात गेलो. हरभरा हिरवागार होता, घाटे नुसते भरत आलेले, दाणे दुधाळ. असा हरभरा कोणी कापत नाही. कापताना जितं जनावर कापल्यासारखं वाटतं. मी कापत गेलो. आंब हातांना लागत होती, काट्यांनी ओरखडलं होतं तिथं झोंबत होती. मंदाच्या बोटांना हीच लागली असेल, असं मनात आलं, आणि मग मी थांबलो नाही.

पारावर किसन बसला होता. आता तोही म्हातारा, काठी घेऊन चालतो. बराच वेळ पाहत राहिला. मग ओरडून म्हणाला, "भाऊ, दिवसाढवळ्या रोही शिरला काय वावरात?"

"हो," मी म्हटलं. "बुढा रोही हाये. हाकलू नको."

तो काठी टेकत आला. काही न विचारता बाभळीचे काटे ओढायला लागला. मी म्हटलं, "किसन, राहू दे, हातात रुततील." तो म्हणाला, "रुतू द्या. लई वर्साचे हायेत." मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, त्या जुन्या दिवसाचं, राहू दे म्हटलं होतं त्याचं. तो म्हणाला, "भाऊ, तिकडचं टोक धरा." मी टोक धरलं. आम्ही दोघांनी ते कुंपण ओढून नाल्यात टाकलं.

कापलेला हरभरा गाईपुढं टाकला, उरला तो ओसरीवर ठेवला. पल्लवी शाळेतून आली, ढीग पाहिला, बाहेर जाऊन कोपरा पाहिला. परत आली. माझ्या शेजारी बसून घाटे सोलायला लागली. सोललेले दाणे एकदा स्वतःच्या तोंडात, एकदा माझ्या हातावर.

संध्याकाळी फाट्यावर जाऊन थांबलो. वच्छलेच्या दगडावर बसवेना, उभाच राहिलो. गाडी आली. त्या दिवशी सुजाताची ड्यूटी होती. तिला म्हटलं, "बाई, गाडी वळवाले जागा केली. आता काय कराव लागते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं. "आज काहून, काका?"

मी हात धोतराला पुसले.

"मंदीनं नववीत कंपासपेटी देली होती मले," ती म्हणाली. "तिले लागनार नव्हती म्हने आता. दहावीले तीच होती माह्याजोळ." मग बेल ओढली. "सरपंचाचं पत्र घेऊन डेपोत या. मी सांगून ठेवते."

डेपोत गेलो. तिथला साहेब म्हणाला, जागा तुमची, उद्या अडवली तर? मी म्हटलं, "सरपंचाच्या पत्राखाली माही सही घ्या. लिहा का वहिवाट पडली." बापाच्या आत्म्याला काय वाटलं असेल ते वाटो. माणूस येऊन पाहून गेला, पाय टाकून मोजलं, मुरूम टाका म्हणाला. गावच्या पोरांनी मुरूम टाकला. जवायांना फोनवर सांगितलं, "गाडी दारात येऊन राह्यली. आता रस्त्याचं काही राह्यलं नाही." ते म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. पुढचं मंग पाहू." त्या 'मंग पाहू'ची मला चांगली ओळख आहे. त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण ते भांडण पुढचं. या वेळी मी भांडणार आहे.

पहिल्या पेपरच्या आदल्या सांजेला मी खुंटीवरचं धोतराचं पान काढलं आणि उरलेल्या हरभऱ्यावर अंथरलं. पिळायचं मला नीट जमलं नाही, अर्धं जमिनीवर सांडलं. सकाळी वाटीत पाणी घालून पल्लवीपुढं धरलं. ती म्हणाली, "आबाजी, पोट नाही दुखत माह्यं." मी म्हटलं, "पी." प्यायली. तोंड वाकडं केलं. हुबेहूब मायसारखं.

आणि गाडी आली. पळसांतून निळी गाडी आत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पाराजवळ थांबली. सुजाता खाली उतरली, गाडीच्या मागं गेली, माझ्या वावरात उभी राहिली. मागचा पत्रा हातानं वाजवत म्हणायला लागली, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस." चाकं मुरमाबाहेर, कडेच्या उभ्या हरभऱ्यावर चढली. ओल्या हरभऱ्याचा तो आंबट वास सुटला. गाडी एकदा मागं, एकदा पुढं, आणि वळली. झालं. एक बिडी पेटवायला लागते त्याहून कमी वेळ. किसन पारावर काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. पोरी चढायला लागल्या, घरी बसवलेल्या दोघींपैकी एक त्यांत होती. दुसरी नव्हती.

त्याच गाडीतून मंदा उतरली. पोरीचा पहिला पेपर म्हणून आली होती. रात्री शिरपुरात नणंदेकडे मुक्काम करून. विचारून आली की न विचारता, मी विचारलं नाही. तिनं पल्लवीचे केस सारखे केले, तिला चढवलं, सुजाताला हात केला. गाडी गेली. धुरळा खाली बसला.

मग मंदा वावराच्या कोपऱ्यात आली. चाकांच्या खुणा पाहत उभी राहिली. त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आली. तेवढं चालायला तिला काहीच वेळ लागला नाही. मी वाट पाहत होतो, ती रडेल, नाही तर बोलेल मला. ती ना रडली, ना रागावली. एखाद्या हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावं तसं शांतपणे तिनं विचारलं,

"इतकीच जागा लागत होती, बाबा?"